स्वस्त झालेला तांदूळ कमी का खपला? हुनानमधील एका प्रयोगाचा प्रकरण अभ्यास

2006 साली चीनच्या हुनान प्रांतातील काही गरीब शहरी कुटुंबांना पाच महिने तांदूळ बाजारभावापेक्षा कमी दराने मिळत होता. या काळात त्यांच्या तांदळाचा खप वाढेल, असे अर्थशास्त्राचे कोणतेही प्राथमिक पाठ्यपुस्तक सांगेल. प्रत्यक्षात सरासरीने पाहता तो घटला. हे उलटे वागणे पाहून ग्राहकाचा विवेक सुटला, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. या प्रकरणाचा नीट अभ्यास केला तर मात्र उलट चित्र दिसते. ती कुटुंबे अत्यंत काटेकोर हिशेब करत होती, आणि एकाच वस्तूकडे बघून त्यांचा विवेक मोजणाऱ्याला तो हिशेब दिसत नव्हता.

नियम, आणि शंभर वर्षे पुराव्याची वाट पाहणारा अपवाद

मागणीचा नियम सांगतो की इतर परिस्थिती स्थिर असताना वस्तूची किंमत घटली की तिची मागणी वाढते आणि किंमत वाढली की मागणी घटते. यातील ‘इतर परिस्थिती’ या शब्दांत ग्राहकाचे उत्पन्न, पर्यायी व पूरक वस्तूंच्या किमती, आवडीनिवडी आणि भविष्याविषयीच्या अपेक्षा हे मागणीला आकार देणारे सगळे घटक येतात. विवेकशील ग्राहक म्हणजे स्वार्थी किंवा सर्वज्ञ माणूस नव्हे. ज्याच्या पसंतीक्रमात विसंगती नाही आणि हाती असलेल्या पैशात त्या क्रमानुसार सर्वांत वरचे जे परवडते ते जो निवडतो, तो विवेकशील ग्राहक होय. या व्याख्येत ‘स्वस्त झालेली वस्तू अधिक घ्यावी’ अशी अट कुठेही नाही, ही गोष्ट पुष्कळदा नजरेआड होते.

किंमत बदलली की दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. स्वस्त झालेली वस्तू इतर वस्तूंच्या तुलनेत अधिक फायद्याची ठरते, म्हणून ग्राहक तिच्याकडे वळतो. हा पर्यायता परिणाम. त्याच वेळी तीच खरेदी कमी पैशात होऊ लागल्याने ग्राहक वास्तवात थोडा सधन होतो, आणि वाढलेल्या क्रयशक्तीमुळे त्याची सगळीच खरेदी बदलते; हा उत्पन्न परिणाम. पर्यायता परिणाम स्वस्त वस्तूच्या विरोधात कधीच जात नाही. उत्पन्न परिणामाचे तसे नाही. जी वस्तू माणूस नाइलाजाने घेतो आणि हाती पैसा येताच कमी करतो, त्या निकृष्ट वस्तूच्या बाबतीत उत्पन्न परिणाम उलट्या दिशेने ओढतो. बहुतेक निकृष्ट वस्तूंवर खर्चाचा लहानसा भाग जात असल्याने ही ओढ कमजोर राहते. एखाद्या निकृष्ट वस्तूवर घरखर्चाचा फार मोठा भाग जात असेल आणि तिला स्वस्त पर्यायच नसेल, तर मात्र उत्पन्न परिणाम पर्यायता परिणामावर मात करू शकतो. अशा वस्तूला गिफेन वस्तू म्हणतात. प्रतिष्ठेसाठी घेतल्या जाणाऱ्या महागड्या वस्तूंचा अपवाद यापेक्षा अगदी निराळा आहे. तिथे किंमत हाच वस्तूच्या आकर्षणाचा भाग असतो. इथे तसे काहीही नाही.

या कल्पनेशी रॉबर्ट गिफेन (1837–1910) या ब्रिटिश सांख्यिकी तज्ज्ञाचे नाव ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी जोडले. 1895 साली निघालेल्या आपल्या ‘प्रिन्सिपल्स ऑफ इकॉनॉमिक्स’ या ग्रंथाच्या तिसऱ्या आवृत्तीत मार्शल यांनी गिफेन यांचा हवाला देऊन लिहिले की पाव महागला की गरीब मजुरांच्या कुटुंबांना मांस व इतर महाग अन्न कमी करावे लागते, आणि पाव हेच सर्वांत स्वस्त अन्न उरत असल्याने ती कुटुंबे पावच अधिक खातात. गिफेन यांच्या प्रकाशित लेखनात मात्र हे विधान अभ्यासकांना सापडलेले नाही. 1915 मध्ये अर्थशास्त्रज्ञ युजेन स्लुत्स्की यांनी किमतीच्या बदलाचे दोन परिणाम गणिताने वेगळे करून दाखवले, आणि 1934 मध्ये जॉन हिक्स व रॉय अ‍ॅलन यांनी तेच विश्लेषण स्वतंत्रपणे मांडून रूढ केले. तेव्हापासून गिफेन वस्तू सिद्धांतात निर्विवादपणे शक्य मानली गेली. प्रत्यक्षात ती कोणी दाखवलेली नव्हती.

पाठ्यपुस्तकांनी उदाहरण म्हणून 1845 नंतरच्या आयर्लंडमधील दुष्काळ आणि बटाटा यांची जोडी लावली. हे उदाहरण टिकण्यासारखे नव्हते, आणि ते का टिकत नाही हे समजणे पुढील प्रयोग समजण्यासाठी आवश्यक आहे. बटाट्याचे पीक रोगाने नासले होते. बाजारात बटाटाच उरला नसताना लोकांनी तो पूर्वीपेक्षा अधिक खाल्ला, असे म्हणता येणार नाही. शिवाय बाजारात दिसणारी किंमत आणि विकली गेलेली मात्रा या दोन्ही गोष्टी मागणी व पुरवठा मिळून ठरवतात. महाग होत असलेली वस्तू अधिक विकली जात असेल, तर मागणी वक्र (भाव आणि मागणी यांचे नाते दाखवणारी रेषा) चढता आहे की एखाद्या वेगळ्या कारणाने मागणीच वाढल्याने भाव चढला आहे, हे नुसत्या बाजाराच्या आकड्यांवरून ओळखता येत नाही. खरी कसोटी हवी असेल तर किंमत बाहेरून बदलावी लागते, आणि तीही कोणाला बदलायची हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे लागते.

प्रयोगाची मांडणी

रॉबर्ट जेन्सन आणि नोलन मिलर या दोन अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी नेमके हेच केले. त्यांनी दोन प्रांत निवडले. दक्षिणेकडील हुनानमध्ये तांदूळ हे मुख्य अन्न आहे, तर वायव्येकडील गान्सूमध्ये गहू. प्रत्येक प्रांतातील साधारण 650, म्हणजे एकूण 1,300 शहरी कुटुंबे अभ्यासासाठी घेतली गेली. ही सर्व कुटुंबे सरकारी दारिद्र्यरेषेखालची होती. यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या काही कुटुंबांना कूपने दिली गेली. ती दाखवली की मुख्य धान्याच्या प्रत्येक जिनमागे, म्हणजे 500 ग्रॅममागे, 0.10, 0.20 किंवा 0.30 युआन इतकी सूट मिळे. किती सूट मिळणार हेही यादृच्छिकपणेच ठरले, आणि उरलेल्या कुटुंबांना तुलनेसाठी कोणतीही सूट दिली गेली नाही. हुनानमध्ये तांदळाचा भाव त्या वेळी जिनला सुमारे 1.2 युआन होता. म्हणजे सर्वांत मोठी सूट किमतीच्या जवळपास चौथा भाग होती.

सवलत सुरू होण्याआधी, ती चालू असताना आणि ती बंद झाल्यानंतर अशा तीन वेळा सर्व कुटुंबांची पाहणी झाली, आणि प्रत्येक पाहणीत घरातील माणसांनी मागील चोवीस तासांत काय व किती खाल्ले याची तपशीलवार नोंद घेतली गेली. ही रचना मला या प्रकरणातील सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. किंमत एकदा उतरली आणि एकदा चढली, त्यामुळे त्याच घराची दोन्ही दिशांची प्रतिक्रिया पाहता आली. नोंद खरेदीची नसून खाण्याची होती. स्वस्त आहे म्हणून धान्य घेऊन साठवले गेले असेल, तरी त्याने निष्कर्ष बिघडणार नव्हता. आणि सूट यादृच्छिक असल्याने, ज्यांना ती मिळाली ती कुटुंबे मुळातच वेगळी होती, ही शंकाही उरली नाही.

निष्कर्ष 2008 साली ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. हुनानमध्ये तांदळाची किंमत 1 टक्क्याने घटली असता तांदळाचा खप सरासरीने सुमारे 0.24 टक्क्यांनी घटला, म्हणजे लवचिकतेचे (किंमत 1 टक्क्याने बदलली की खप किती टक्क्यांनी बदलतो, या आकड्याचे) चिन्ह ऋण असायला हवे तिथे ते धन निघाले. संपूर्ण नमुन्यासाठी या आकड्यावरील सांख्यिकी विश्वास काहीसा सैल होता, हे मान्य करायला हवे. कुटुंबांची विभागणी केल्यावर मात्र चित्र स्पष्ट झाले. ज्या कुटुंबांना मुळात 80 टक्क्यांपर्यंत उष्मांक मुख्य धान्यातून मिळत होते, त्यांच्यात ही धन लवचिकता 0.45 च्या आसपास गेली आणि तिच्याविषयी शंका घेण्यास फारशी जागा राहिली नाही. ज्या कुटुंबांचे 80 टक्क्यांहून अधिक उष्मांक धान्यातूनच येत होते, म्हणजे जी सर्वांत गरीब होती, त्यांच्यात मात्र लवचिकता पुन्हा ऋण झाली: तांदूळ स्वस्त झाल्यावर त्यांनी तो अधिक खाल्ला.

म्हणजे त्याच प्रांतात, त्याच धान्याची, त्याच मोसमात मागणी एका गटात चढती तर दुसऱ्या गटात उतरती निघाली. या दोन्ही गोष्टी एकाच विवेकातून कशा निघतात, हे एका लहान काल्पनिक हिशेबाने दाखवता येते.

ताटाचे गणित

समजा एका माणसाला दिवसभरात अन्नाचे दहा वाटे लागतात. त्याहून कमी खाल्ले तर तो उपाशी राहतो. वाटा भाताचा असो वा मांसाचा, त्यातून मिळणारे उष्मांक सारखेच आहेत, पण मांस त्याला अधिक आवडते. भाताच्या वाट्याला 1 नाणे पडते, मांसाच्या वाट्याला 4 नाणी, आणि त्याच्याकडे रोज 16 नाणी आहेत. आधी पोट भरायचे आणि मग उरलेल्या पैशात जितके जमेल तितके मांस घ्यायचे, हा त्याचा नियम आहे. दहाही वाटे भाताचे घेतले तर 10 नाणी लागतात आणि 6 उरतात. भाताचा एक वाटा काढून त्या जागी मांसाचा ठेवायचा तर 3 नाणी जास्त लागतात. म्हणून तो दोन वाटे मांसाचे आणि आठ भाताचे घेतो.

आता भात 0.8 नाण्यांवर आला. दहा वाटे भाताला 8 नाणी लागतात, 8 उरतात, आणि भाताऐवजी मांस ठेवण्याचा फरक 3.2 नाणी आहे. तो अडीच वाटे मांस घेतो आणि भात साडेसात वाट्यांवर आणतो. भात स्वस्त झाला आणि भातच घटला. उलट भात 1.5 नाण्यांना झाला, तर दहा वाट्यांसाठीच 15 नाणी लागतात, उरलेल्या एका नाण्यात जेमतेम 0.4 वाटा मांस बसते, आणि भात 9.6 वाट्यांवर जातो. महाग झालेल्या भाताने मांसासाठीचा पैसा खाऊन टाकला, आणि मांसाने रिकामी केलेली जागा भातानेच भरावी लागली, कारण त्याहून स्वस्त असे काहीच नाही. जुने ताट भरायला जेवढे पैसे लागतात तेवढेच हाती ठेवून भाव बदलला असता, तर या माणसाने काहीच बदलले नसते: 0.8 च्या भावाला जुन्या ताटाला 14.4 नाणी पडतात, आणि तेवढ्या पैशात तो पुन्हा आठ वाटे भात आणि दोन वाटे मांसच घेईल. त्याच्या बाबतीत पर्यायता परिणाम शून्य आहे. जो बदल झाला तो सगळा उरलेल्या 1.6 नाण्यांमुळे, म्हणजे उत्पन्न परिणामामुळे झाला. खऱ्या कुटुंबांत पर्यायता परिणाम शून्य नसतो. हुनानमध्ये 80 टक्क्यांपर्यंत उष्मांक धान्यातून मिळवणाऱ्या मधल्या गटात तो उत्पन्न परिणामापेक्षा लहान ठरला, एवढाच त्याचा अर्थ.

हाच हिशेब आणखी पुढे नेला की सर्वांत गरीब गटाचे वागणेही उलगडते. भात 1.6 नाण्यांना झाला की सगळी 16 नाणी दहा वाटे भातावरच संपतात, मांस शून्य. त्यापुढे भाव चढून 2 नाणी झाला, तर आता कमी करायला मांसच शिल्लक नाही. पैसे 16 आहेत, म्हणून भात आठच वाटे येतो आणि माणूस अर्धपोटी राहतो. इथे मागणीचा नियम पुन्हा पाळला जातो, पण तो निवडीने नव्हे, लाचारीने. ताटात भाताशिवाय काहीच नसलेल्या घरात भाव उतरला की भाताची खरेदी वाढणारच, कारण तिथे अजून पोटच भरलेले नाही.

यावरून गिफेन वर्तन कुठे शोधायला हवे होते आणि कुठे शोधले गेले, यातील अंतर ध्यानात येते. दुष्काळात ते मिळणे अवघड, कारण तिथे बहुतेक घरे मांसाच्या पलीकडे ढकलली गेलेली असतात. सुस्थितीतील घरांत ते मिळणार नाही, कारण तिथे धान्यावरचा खर्च लहान असतो आणि भावातील फरकाने क्रयशक्ती फारशी हलत नाही. ते मधल्या अरुंद पट्ट्यात सापडते: पोट जेमतेम भरते आहे, बहुतेक उष्मांक एकाच स्वस्त धान्यातून येत आहेत, आणि ताटात थोडेसे का होईना काहीतरी आवडीचे आहे. जेन्सन आणि मिलर यांचे मोठे श्रेय माझ्या मते नुसता पुरावा मिळवण्यात नाही. कोणत्या घरात जाऊन पाहिले पाहिजे हे त्यांनी आधी सिद्धांतातून ठरवले, यात ते आहे.

गान्सूने काय दाखवले

गान्सूमधील गव्हाबाबत पुरावा बराच कमजोर निघाला. हा निकाल प्रयोगाचे अपयश मानू नये. सवलतीच्या धान्याची मागणी उलटी वळण्यासाठी धान्याला जवळचा पर्याय नसणे आवश्यक असते, आणि ही अट गान्सूमध्ये हुनानइतकी घट्ट लागू नव्हती. गव्हाचे अन्न अनेक रूपांत मिळते. जिथे एका रूपाचा भाव बदलला की दुसऱ्या रूपाकडे वळणे सोपे असते, तिथे पर्यायता परिणाम बळकट होतो आणि मागणी पुन्हा नियमाच्या बाजूला झुकते. एकाच प्रयोगात दोन प्रांत असल्यामुळे ही तुलना मिळाली. फक्त हुनानच अभ्यासले असते, तर निकालाला सर्वत्र लागू मानण्याची चूक झाली असती.

आणखी एक मर्यादा स्पष्ट सांगायला हवी. इथे मोजली गेली ती कुटुंबांची मागणी, संपूर्ण बाजाराची नव्हे. बाजाराची मागणी म्हणजे सर्व कुटुंबांच्या मागणीची बेरीज. तीत मधल्या गटाची चढती मागणी अतिगरीब आणि सुस्थितीतील घरांच्या उतरत्या मागणीत मिसळून जाते. हुनानच्या तांदूळ बाजाराचा मागणी वक्र चढता होता असा दावा या प्रयोगाने केलेला नाही, आणि त्याचा हवाला देऊन कोणी तसा दावा करू नये.

पोषण हे निवडीचे एकमेव उद्दिष्ट नसते

प्रयोगातील सर्वांत अस्वस्थ करणारा भाग 2011 साली त्याच दोन अभ्यासकांनी मांडला. त्यांना सवलतीमुळे कुटुंबांचे पोषण सुधारल्याचा पुरावा आढळला नाही, आणि काही कुटुंबांच्या पोषणावर तिचा प्रतिकूल परिणाम झाला असण्याची शक्यता दिसली. वरच्या हिशेबात मी मांसाचा आणि भाताचा वाटा उष्मांकांत सारखा धरला होता. खऱ्या ताटात भाताच्या बदल्यात आलेले चवदार अन्न त्याच पैशात कमी उष्मांक देते. सवलतीतून वाचलेला पैसा कुटुंबांनी चवीवर आणि विविधतेवर खर्च केला. वर्षानुवर्षे एकाच धान्यावर भागवणाऱ्या माणसासाठी बदललेली चव ही चैन आहे की नाही, हे कोणी उष्मांकांच्या तक्त्यावरून ठरवू शकत नाही. त्याच्या पसंतीक्रमात चवीला स्थान आहे, आणि त्या क्रमाशी त्याची निवड सुसंगत आहे.

धोरण आखणाऱ्याची अडचण इथे सुरू होते. धान्य स्वस्त केले की गरीब माणूस ते अधिक खाईल, या गृहीतकावर बेतलेली सवलत सर्वांत गरीब घरांत अपेक्षेप्रमाणे काम करेल आणि त्यांच्याहून किंचित वरच्या घरांत उलट काम करेल. मधल्या घरांसाठी धान्याच्या भावातील सूट ही जवळजवळ रोख रकमेसारखी असते, आणि ती कुठे खर्च करायची हे त्यांनी आधीच ठरवलेले असते. एखाद्या विशिष्ट पोषकद्रव्याचे प्रमाण वाढवायचे असेल, तर ते द्रव्य ज्या अन्नात आहे त्या अन्नाचा भाव खाली आणणे, किंवा ते द्रव्यच मुख्य धान्यात मिसळणे, हे धान्याच्या भावात सूट देण्यापेक्षा अधिक थेट उपाय ठरतात.

लवचिकतेचा एखादा आकडा वस्तूच्या नावापुढे लिहून ठेवण्याची सवय या प्रकरणाने मोडायला हवी. वरच्या काल्पनिक माणसाची रोजची रक्कम 10 नाणी असती, तर एका नाण्याच्या भावाला त्याच्या ताटात फक्त भात असता आणि भावात थोडी वाढ होताच त्याची मागणी घटली असती. 16 नाण्यांना तोच माणूस गिफेन ग्राहक आहे. 40 नाणी हाती आली की त्याच भावाला तो दहाही वाटे मांसाचे घेतो, आणि भाताच्या भावाशी त्याचे काही देणेघेणे उरत नाही. भात तोच, आवड तीच, पोटही तेच. हुनानमधील ज्या कुटुंबांनी स्वस्त तांदूळ कमी खाल्ला, त्यांचे उत्पन्न पुढील वर्षांत वाढले किंवा घटले असेल, तर तोच प्रयोग पुन्हा करणाऱ्याला त्याच घरांतून निराळा आकडा मिळेल.